सासूबाईंसाठी पांढरी ताडपत्री

आता काय आणि कुठून सांगू तुम्हाला! चुका सगळेच करतात हो. पण तीन आठवडे अभ्यास करून, तुलना करून, काट्यावर वजन करून चूक करणारा माणूस कधी पाहिलाय? नसेल तर बघा इकडे. नीट बघा. लाजू नका, आमच्या अख्ख्या सोसायटीने बघून झालंय.

झालं असं की आमच्या रेवाला पुण्यात नोकरी लागली. पहिलीच नोकरी. महिनाभरात पोरगी गुरुग्राम सोडून जाणार. आणि एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत आली, पलंगावर बसली आणि म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी आपण दोघं कॅम्पिंगला जाऊ या ना यार. फक्त आपण दोघं."

तुम्हाला कल्पना नाही, मला काय झालं ते. गेली काही वर्षं ही मुलगी माझ्याशी बोलायची ते "बाबा, ओटीपी आला का?" एवढंच. मी ओटीपी सांगायचो, ती "थँक्स" म्हणायची, संपला संवाद. आणि आता फक्त आपण दोघं! मला रडूच यायचं बाकी होतं. ठरवलं, ही ट्रिप झालीच पाहिजे. काहीही झालं तरी.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? भाड्याने एक तंबू घेतला असता आणि ऋषिकेशच्या वर कुठेतरी नदीकाठी जाऊन मॅगी खाल्ली असती. पण मी आयटीतला माणूस. मी आधी रिसर्च केला. आणि तिथेच घात झाला.

इंटरनेटवर एक दाढीवाला परदेशी माणूस भेटला. तो म्हणाला, तंबू ही हमाली आहे. खरा गिर्यारोहक हलका चालतो. बिव्ही घ्या आणि टार्प घ्या, बाकी सगळं ओझं.

बिव्ही म्हणजे काय? सांगतो. स्लीपिंग बॅगवर चढवायचा अभ्रा. पाणी न शिरणारा, डोक्यापर्यंत चेन असलेला. माणसाने आत सरकायचं आणि चेन ओढून घ्यायची. आणि वरून दव-पाऊस लागू नये म्हणून दोन काठ्यांवर टार्प ताणायचा. टार्प म्हणजे...

"ताडपत्री," आमची अश्विनी म्हणाली.

"ताडपत्री नाही, टार्प."

"काय फरक आहे?"

"ताडपत्री ट्रकवर असते."

"आणि ही तुम्हा दोघांवर असते. बरं."

अहो, बायको म्हणून नाही, पण ही बाई अशीच आहे!

तर बिव्ही निवडायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं. कापड फार पक्कं असलं तर पाणी आत येत नाही, पण आपल्याच श्वासाची वाफ आतून गार होते आणि सकाळी माणूस ओलाचिंब उठतो. कापड जरा हवा खेळणारं असलं तर पाऊस आत. म्हणजे बाहेरून भिजायचं की आतून, एवढंच आपण ठरवायचं! बरं, तोंडावर कमानीसारखी काडी असलेली घ्यावी तर वजन वाढतं. बिनकाडीची घ्यावी तर कापड रात्रभर नाकावर. टार्प मोठा घ्यावा तर जड, छोटा घ्यावा तर पाय बाहेर. आणि लोकांचे अभिप्राय! एक म्हणतो, आयुष्य बदललं. खाली दुसरा त्याच वस्तूबद्दल म्हणतो, पहिल्याच रात्री फाटली. कुणावर विश्वास ठेवायचा माणसाने?

मी अश्विनीचा केक करायचा वजनकाटा पळवला. खुंट्या मोजल्या, दोऱ्या मोजल्या. टूथब्रशचा दांडा कापून तोही मोजला.

अश्विनी दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "दांडा कापून जे वाचवलंस ते पोटावरून कमी कर ना सुधीर. आणि प्लीज, आता हे संपव. तीन आठवडे झाले."

शेवटी दोन बिव्ही मागवल्या आणि एक टार्प. टार्प हिरवा होता, भगवा होता. मी घेतला पांढरा.

"पांढरा?" अश्विनी किंचाळली. "अरे, मातीत मळेल की!"

"पांढरा सगळ्यात हलका. रंगाचंही वजन असतं."

हे वाक्य मी त्या दिवशी किती ऐटीत बोललो होतो, काय सांगू!

आता आमच्या घरात निर्णय कोण घेतं? मी? हॅ! अश्विनी? तीही नाही. आमच्या घरचं सुप्रीम कोर्ट म्हणजे माझ्या सासूबाई, सुमतीबाई. मी त्यांना आईच म्हणतो. चाळीस वर्षं दिल्लीत काढलेल्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सासरे गेल्यापासून आमच्याकडे राहतात, पण मयूर विहारचा फ्लॅट सोडलेला नाही. महिन्यातून चार दिवस तिथे जाऊन धूळ झटकून येतात. आणि उरलेले दिवस आमच्या सोसायटीला शिस्त लावतात. लिफ्टमध्ये कुत्रा आणला, टोकलं. कचरा दाराबाहेर ठेवला, टोकलं. पंजाबी असो, बंगाली असो, आईंनी टोकलं नाही असा माणूस आमच्या टॉवरमध्ये नाही.

अश्विनी म्हणाली, "आई हो म्हणाली तर माझी हरकत नाही." आई नेमक्या तिकडे गेलेल्या, म्हणून मयूर विहारला फोन लावला.

"माझी नात उघड्यावर पोत्यात झोपणार?" आई म्हणाल्या. "नाही."

"आई, पोतं नाही हो, बिव्ही."

"हे बघा सुधीरराव, आधी तो काय प्रकार आहे तो उभा करून दाखवा. मी रविवारी दहाला येते. डोळ्यांनी बघेन, मग सांगेन."

रेवा माझ्याकडे बघत होती. "बाबा, आजीसमोर गडबड नको करू हां. माझी ही एकच ट्रिप आहे."

नाही हो करणार गडबड! म्हणून तर सगळं रीतसर करायला गेलो. सोसायटीचं लॉन वापरायचं तर सिक्युरिटी सुपरवायझरला सांगावं लागतं. रविवारी सकाळीच आमच्या यादवजींना फोन केला. तो संवाद मला पाठ आहे, ऐका.

"यादवजी, आज दस बजे लॉन में एक छोटा टेंट लगाना है."

"किस लिए सर?"

"मेरी सासू माँ के लिए."

पलीकडे एकदम शांतता. मला वाटलं, बिचाऱ्यालाही सासू असेल.

"ओह. जी सर. सफ़ेद ही होगा ना?"

"हाँ, सफ़ेद ही है." मनात म्हटलं, माणूस जाणकार दिसतो.

"कोई गाना-बजाना तो नहीं?"

"नहीं नहीं. बिल्कुल शांति से."

"आप चिंता मत कीजिए सर. हम सब हैं."

किती चांगली माणसं असतात जगात, असं मला वाटलं. आता तुम्ही दिल्लीत राहिला असाल तर इथेच कपाळावर हात मारला असेल. नसाल राहिला तर सांगतो. आपल्याकडे माणूस गेलं की दिवसकार्य घरात नाहीतर घाटावर. इथे तसं नाही. इथे लॉनवर पांढरा मांडव घालतात, पांढऱ्या चादरी अंथरतात, सगळे पांढरे कपडे घालून येतात, तासभर बसतात, हात जोडून जातात. मला हे माहीत नव्हतं का? ऐकून माहीत होतं. पण असल्या ठिकाणी मी नेहमी अश्विनीला पुढे करायचो आणि स्वतः मीटिंगचं निमित्त काढून घरी बसायचो. आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप? तो कुत्र्यांच्या भांडणापासून मी कायमचा मुका करून ठेवलाय. अश्विनी आणि रेवा तर आईंना आणायला गाडी घेऊन मयूर विहारला गेलेल्या. मला अडवणारं होतं कोण?

फेब्रुवारीतलं छान ऊन पडलं होतं. मी टार्प ताणला. असा ताणला की सुरकुती नाही! त्याच्याखाली बिव्ही ठेवली. रिकामी बिव्ही मरगळलेली दिसते, म्हणून आत उशा आणि दुलई कोंबून ती चांगली माणसाएवढी फुगवली. चेन वरपर्यंत लावली. लांब जाऊन बघितलं. समाधान वाटलं हो, खरं सांगतो.

तेवढ्यात हाउसकीपिंगची दोन माणसं आली आणि टार्पसमोर पांढऱ्या चादरी अंथरायला लागली. मी म्हटलं, वा! मेंटेनन्स भरतो त्याचं चीज झालं. मग लोक यायला लागले. एकेक करून, हळूहळू, पांढऱ्या कुर्त्यात, पांढऱ्या शालीत. चपला बाहेर काढून बसायला लागले. सगळे माझ्या टार्पकडे आणि बिव्हीकडे बघतायत!

आता माझ्या जागी तुम्ही असतात तर? तीन आठवडे घरात कुणी ज्या विषयावर दोन वाक्यं ऐकून घेतली नाहीत, त्यासाठी अख्खी सोसायटी जमलीय. मी तर फुलून गेलो.

चड्ढा अंकल पुढे आले. आमच्या वरच्या मजल्यावरचे, नुकतंच बायपास झालेलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, कैसे हुआ ये सब?"

"तीन हफ़्ते लग गए अंकल. दिन-रात इसी में लगा था."

"तीन हफ़्ते! हमें तो पता ही नहीं चला."

"बीच में तो लगा, नहीं होगा. घर में भी सब तंग आ गए थे. अश्विनी तो रोज़ कहती थी, अब ख़त्म करो."

"अश्विनी बिटिया ने कहा?" अंकल एक पाऊल मागे सरकले.

खुराना आंटी डोळे पुसत म्हणाल्या, "ज़्यादा तकलीफ़ तो नहीं हुई ना?"

मला वाटलं, वापरायला त्रास होतो का विचारतायत. "देखिए, मुँह के ऊपर तक चेन बंद करो तो शुरू में थोड़ी घुटन होती है. पाँच मिनट हाथ-पैर मारो, फिर एकदम शांति."

आंटींनी बिव्हीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "तो... इसी में?"

"हाँ जी, इसी में. पानी की एक बूँद अंदर नहीं जाएगी."

मागून कुणीतरी कुजबुजलं, "महाराष्ट्र में ऐसे ही करते होंगे." आणि सगळ्यांनी समजूतदारपणे माना डोलावल्या.

मला अजूनही काही कळलं नव्हतं हो! उलट चेव आला. म्हटलं, नुसतं बघून काय कळणार, प्रात्यक्षिक पाहिजे. "चड्ढा अंकल, आप एक बार लेटकर देखिए ना. आपकी हाइट में बिल्कुल फिट आएगा."

अंकलनी छातीवर हात ठेवला. "मैं अभी ठीक हूँ बेटा," एवढंच म्हणाले आणि जाऊन सगळ्यात मागे बसले.

मग सोसायटीच्या सेक्रेटरी आल्या. हातात झेंडूचा हार. तो त्यांनी हलक्या हाताने बिव्हीवर घातला आणि नमस्कार केला. आता इथे तरी शंका यावी की नाही? पण आपल्याकडे नवीन गाडी घेतली, मिक्सर घेतला, हार घालतोच की! मी म्हटलं, बघा, परप्रांतातल्या लोकांनाही आपली रीत कळते. खिशात हात घालून नारळ आणायला कुणाला पाठवता येईल का, हे बघत होतो मी. नारळ!

तेवढ्यात माइक आला आणि अध्यक्ष शर्माजी उभे राहिले. "आज हम सब यहाँ बड़े भारी मन से इकट्ठा हुए हैं..."

आता मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, म्हणजे हा दुसराच कसला तरी कार्यक्रम आहे, आणि फुकटची सावली दिसली म्हणून माझ्या टार्पसमोर मांडलाय! दहा वाजून गेले, आई कुठल्याही क्षणी येतील आणि इथे भाषणं चालू. मी पुढे होऊन सांगणार, "शर्माजी, जगह ख़ाली कीजिए," तर ते म्हणाले, "श्रीमती सुमती जी हम सबके लिए माँ जैसी थीं. उन्होंने कभी किसी को ऊँची आवाज़ में कुछ नहीं कहा."

सुमती जी? थीं?

तुम्हाला सांगतो, सगळं एकदम डोक्यात शिरलं. पांढरा टार्प, पांढरे कुर्ते, यादवजी, हार. आणि मी चड्ढा अंकलना काय म्हणालो होतो ते आठवलं. तोंड उघडणार तोच शर्माजी म्हणाले, "दो मिनट का मौन." सगळे उठून उभे राहिले. मीही हात जोडून उभा राहिलो. काय करणार? सवयच असते ना आपल्याला, मौन म्हटलं की गप्प.

मान खाली घातली, जरा तिरकं मागे बघितलं, तर बायकांच्या शेवटच्या रांगेत आई उभ्या! डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे मिटलेले. स्वतःसाठी मौन पाळत होत्या.

त्याचं असं झालं होतं, हे मला नंतर कळलं. अश्विनीने त्यांना लॉनच्या गेटाशी उतरवलं आणि गाडी लावायला दोघी तळघरात गेल्या. आईंना लांबून पांढरं दिसलं. कुणीतरी गेलं असणार, सरळ निघून जाणं बरं नाही, म्हणून पदर घेऊन मागे बसल्या. शेजारच्या नवीन भाडेकरू बाईला विचारलं, "कौन गया?" ती म्हणाली, "वो बी टावर वाली मराठी आंटी. जो लिफ़्ट में सबको डाँटती थीं." आईंना कळायचं ते कळलं. पण त्या उठल्या का? छे! म्हणाल्या, "म्हटलं, बघू तरी लोक काय बोलतात. ही संधी पुन्हा कुणाला मिळते?"

पण तेव्हा मला हे काय माहीत? मी त्या शांततेत जिवाच्या आकांताने ओरडलो, "आई!"

झालं. दोन तगड्या माणसांनी मला दोन्ही बाजूंनी धरलं. "रो लेने दो, रो लेने दो," कुणीतरी म्हणालं.

"अरे वो देखो! आई वहाँ हैं!"

शर्माजींनी मला छातीशी धरलं. "हाँ बेटा. वो कहीं नहीं गईं. यहीं हैं, हमारे बीच."

"अहो तेच सांगतोय मी!"

"हम सबको दिख रही हैं बेटा."

"दिख रही हैं तो कुर्सी दो ना उनको! घुटने दुखते हैं!"

आता लोक खरोखर रडायला लागले. मी सुटायला धडपडतोय, ते आणखी घट्ट धरतायत. आणि मग ती नवीन भाडेकरू बाई अशी किंचाळली की शेजारच्या टॉवरच्या बाल्कन्या भरल्या. आईंनी डोक्यावरचा पदर काढला होता.

आई शांतपणे चादरीवरून चालत पुढे आल्या. लोक दोन्हीकडे सरकत गेले. त्यांनी शर्माजींच्या हातातून माइक घेतला. चाळीस वर्षं वर्गाला गप्प बसवलेली बाई ती!

"बैठिए सब," म्हणाल्या. सगळे बसले. "शर्माजी, मैं माँ जैसी थी ना? तो माँ कह रही है, कुत्ता लिफ़्ट में नहीं, सर्विस लिफ़्ट में."

"जी आंटीजी," शर्माजी म्हणाले. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

तेवढ्यात अश्विनी आणि रेवा तळघरातून वर आल्या. रेवाने हार घातलेली बिव्ही बघितली, दोन माणसांच्या कवेतला बाप बघितला आणि हसत हसत गवतावरच बसली. अश्विनी हसली नाही. खुराना आंटी तिच्याकडे कशा बघत होत्या, ते तिला दिसलं होतं. "काय सांगितलंस तू ह्यांना माझ्याबद्दल?" तिने दात ओठ खात विचारलं. आजही तो विषय घरात निघाला की मी बाल्कनीत जातो.

पण मुख्य निकाल लागायचा होता. समोसे आलेले होते, ते खाऊन लोक पांगले. आई खुर्चीवर बसल्या, टार्पची दोरी ओढून बघितली, बिव्हीचं कापड बोटांत चोळलं. माझा जीव टांगणीला.

"सुधीरराव, वस्तू चांगली निवडलीत. एवढी माणसं दोऱ्यांना अडखळली, पण खुंटी हलली नाही. रेवाला जाऊ दे."

"येस!" रेवाने मला मिठी मारली. तेव्हा वाटलं, झाली ती फजिती वसूल झाली.

"पण तुम्ही नाही," आई म्हणाल्या. "जो माणूस घरासमोरच्या गवतावर धडधाकट सासूला मारतो, त्याच्याबरोबर मी पोरीला डोंगरात पाठवू? मी जाते तिच्याबरोबर. माझ्या मापाची आहे ती पिशवी."

"आई, अहो, पण..."

"तुम्ही इथे थांबा. लोक भेटायला येतील, त्यांना सांगायला कुणीतरी हवं ना?"

रेवाकडे बघितलं. वाटलं, ती म्हणेल, नाही आजी, बाबाच हवा. ती म्हणाली, "आजी, तू सीरियस आहेस? सो कूल!" मग माझा चेहरा बघून जरा ओशाळली. म्हणाली, "बाबा, आपण नेक्स्ट टाइम. पक्का."

गेल्या तिघी. हो, तिघी. अश्विनीही गेली, भाड्याने एक तंबू घेऊन, चड्ढा अंकल लिफ्टमध्ये तिला बघून जिन्याने जायला लागले होते म्हणून. रेवाचा एकदा फोन आला. "बाबा, ती दोरीची गाठ कशी मारायची?" मी समजावून सांगितली. मारता आली तिला. माझी ट्रिप तेवढीच.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात तळमजल्यावरचे मल्होत्रा अंकल, पांढऱ्या कुर्त्यात, हात जोडून. कॅनडाहून मुलाकडून परत आलेले, सोसायटीच्या ग्रुपवरचा आई गेल्याचा तो पहिला मेसेज तेवढा वाचलेला.

"बेटा, आज ही पता चला."

"अरे नहीं अंकल! ऐसा कुछ हुआ ही नहीं! आई मज़े में हैं. रुकिए, आज सुबह की फ़ोटो दिखाता हूँ."

रेवाने पाठवलेला फोटो उघडला आणि फोन त्यांच्या हातात दिला. अंकल बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून बघितलं. पांढऱ्या टार्पखाली बिव्हीत आई गाढ झोपलेल्या, चेन हनुवटीपर्यंत, आणि रेवाने हौसेने चारी बाजूंनी रानफुलं मांडलेली.

"कितनी शांति है चेहरे पर," अंकल गहिवरून म्हणाले. "सब तुमने ही किया?"

मी फोन परत घेतला. किती लोकांना, किती वेळा सांगायचं? बिव्ही मी निवडली होती, टार्प मी निवडला होता, गाठसुद्धा फोनवर मीच सांगितली होती.

"हाँ जी," म्हटलं, "सब मैंने ही किया."